ओढ्यातला लाल कोकॅनी आमिषाला तोंड का लावत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसीहून आयडाहो सिटीकडे जाताना मोअर्स क्रीक या ओढ्यामध्ये सप्टेंबरच्या मध्याला तुम्हाला लाल माशांच्या, म्हणजे कोकॅनीच्या, झुंडी दिसल्या. पाणी जेमतेम गुडघाभर आणि मासे हाताच्या अंतरावर. तुम्ही गांडूळ लावलं, मक्याचा दाणा लावला, दुकानातली पॉवरबेटची गोळी लावली, चकाकता स्पूनही (चमच्याच्या आकाराचं धातूचं खोटं आमिष) फेकून पाहिला. एकाही माशाने ढुंकून पाहिलं नाही. थोडं खालच्या अंगाला एक गृहस्थ बिनआमिषाचा तिहेरी गळ झटके देत डोहातून ओढत होते आणि त्यांना मात्र मासे मिळत होते. तेव्हा आमिष कोणतं लावायचं, की त्यांच्यासारखंच करायचं, आणि मिळालेला मासा कालवणाला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. गावी पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायचो, हा तसलाच प्रकार दिसतोय, म्हणून दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो, असंही तुम्ही लिहिलंय, आणि मुलाला लायसन्स लागतं का तेही विचारलंय.

मी दक्षिण आयडाहोत बऱ्याच वर्षांपासून कोकॅनी धरतो. उन्हाळ्यात बोटीतून, आणि ऑगस्टच्या शेवटी ओढ्यांच्या तोंडाशी. त्या अनुभवावर सांगतो की तुमचं आमिष चुकलेलं नव्हतं. ज्या माशापुढे तुम्ही आमिष धरलंत, त्याचं खाणं केव्हाच संपलेलं होतं. म्हणून आमिषाच्या आधी हा मासा कुठे आणि कधी धरायचा हे ठरवायला हवं. ओढ्यात धरायचाच असेल तर रीत आहे, तीही सांगतो. पण आधी मासा समजून घ्या, मग बाकीचं आपोआप उलगडतं.

कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय सॅमन. दोघांची जात एकच, शास्त्रीय नावही एकच: ऑन्कोरिंकस नेर्का. सॉकाय समुद्रात जाऊन मोठा होतो आणि कोकॅनी जन्मभर तलावात किंवा धरणाच्या पाण्यात राहतो. त्याचं मुख्य अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे अगदी बारीक जीव, त्यातही डॅफ्निया. कल्ल्यांच्या आतल्या बाजूला दाट दात्यांची चाळण असते, तिच्यातून पाणी गाळून तो हे जीव खातो. गांडूळ, किडे, लहान मासे यांच्या वाटेला तो फारसा जात नाही. म्हणजे इथल्या ओढ्यांतल्या ट्राउट माशाला जे आवडतं ते भुकेल्या कोकॅनीलाही सहसा खुणावत नाही, मग ओढ्यात चढलेल्याला कुठून खुणावणार?

साधारण तीन-चार वर्षांचा झाला की कोकॅनी विणीला येतो, आणि उन्हाळा सरता सरता त्याचं सगळं शरीर त्या एका कामाला लागतं. नराच्या पाठीला कुबड येतं, जबडा आकड्यासारखा वळतो, डोकं हिरवट आणि अंग लालभडक होतं. मादी तितकी भडक होत नाही. आतला बदल याहून मोठा असतो. जूनमध्ये तलावात धरलेला कोकॅनी चिरलात तर जठर तट्ट फुगलेलं असतं आणि कापल्यावर तांबूस लगदा बाहेर येतो, तो सगळा डॅफ्निया. सप्टेंबरमध्ये ओढ्यातला चिरलात तर तेच जठर करंगळीपेक्षा बारीक, सुरकुतलेलं, रिकामं. मादी असेल तर पोटाची सगळी जागा गाभोळीने व्यापलेली. अंगातली चरबी आणि मांस खर्चून तो वर चढतो, जागा धरतो, अंडी घालतो आणि काही दिवसांत मरतो. यातून एकही सुटत नाही.

चढणीच्या माशांशी तुलना करताना इथेच घोळ होतो. आपल्याकडचे मळे, शिंगटी पावसाच्या पहिल्या लोंढ्यात ओढ्या-शेतांतून वर चढतात, अंडी घालतात आणि वाचले तर परत नदीला उतरतात. पुढच्या वर्षी तोच मासा पुन्हा चढू शकतो. त्याच्या अंगात मांस असतं, चव असते, म्हणून तर लोक रात्री-अपरात्री कंदील घेऊन बाहेर पडतात. कोकॅनीला परत उतरायचंच नसतं, त्यामुळे तो स्वतःसाठी काही राखून ठेवत नाही. बाकी साम्य मात्र खरं आहे. दोन्हीकडे मासा अंडी घालायच्या वाटेवर असतो, दाटीत असतो आणि सहज हाती लागतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिकी मासेमारी बंद ठेवतात, त्यामागचा विचार आणि इथल्या कित्येक राज्यांत कोकॅनीचे ओढे शरद ऋतूत बंद ठेवतात त्यामागचा विचार एकच आहे.

आता ओढ्यात तो गळाला लागतो का, याबद्दल. कधी कधी लागतो, पण भुकेने नाही, चिडून. नर आपल्या जागेवरून दुसऱ्या नराला हुसकावत असतो, मादी अंड्यांसाठी खणलेल्या खड्ड्याजवळ आलेल्या कुणालाही धक्का देते. अशा माशाच्या तोंडासमोरून लहानसा, भडक रंगाचा, अंगावर येणारा काहीतरी प्रकार गेला तर तो त्याला चावतो. म्हणून ओढ्यात लहान स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) किंवा पिसं-दोऱ्याची बनवलेली लहान माशी चालते, रंग गुलाबी, लाल किंवा नारिंगी. दोरी ४ ते ६ पौंड ताण पेलणारी. गळ एकेरी आणि बिनकाट्याचा. वजन इतकंच की आमिष तळाच्या किंचित वरून वाहत जाईल. उथळ खडीवर जोड्या करून बसलेल्या माशांच्या नादी लागू नका. ओढ्याच्या खालच्या भागात खोल डोह असतात, तिथे नुकतेच आलेले मासे वर जाण्याआधी थांबतात. त्यांच्या अंगावर अजून थोडी चांदी असते आणि चिडण्याइतकी ताकदही. पहाटे आणि संध्याकाळी, ऊन पाण्यावर नसताना, त्यातले काही घेतात. दुपारी बाराला स्वच्छ पाण्यात उभं राहून तासन् तास फेकत राहिलात तर माशांना त्रास होईल आणि तुमचा खांदा दुखेल, यापलीकडे काही होणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मासे दाटीने उभे असताना दोरी वाहत गेली की ती एखाद्याच्या उघड्या तोंडातून सरकते आणि मागून येणारा गळ जबड्याच्या बाहेरच्या बाजूला रुततो. बघणाऱ्याला वाटतं मासा आमिषाला लागला. खरं तर त्याने आमिष पाहिलेलंही नसतं. गळ बाहेरून आत रुतला असेल, किंवा पाठीला, पोटाला, शेपटीला लागला असेल, तर तो मासा ठेवायचा नाही, लगेच सोडायचा. लांब लीडर (गळाआधीची शेवटची दोरी) आणि जड शिसं लावून दाट झुंडीतून फेकलं की असंच होत राहतं. म्हणून लीडर आखूड ठेवा आणि दोरी झुंडीच्या कडेने जाऊ द्या.

त्या गृहस्थांचं म्हणाल तर रिकामा तिहेरी गळ ओढून माशाच्या अंगात अडकवणं म्हणजे स्नॅगिंग, आणि आयडाहोत ते बेकायदा आहे. कुणी करताना दिसलं म्हणून ते चालतं असं समजू नका. नियम राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत की माणूस गोंधळतो. कोलोरॅडोत शरद ऋतूत काही ठरावीक पाण्यांवर कोकॅनीचं स्नॅगिंग चालतं. तिथल्या बहुतेक जलाशयांत कोकॅनीची नैसर्गिक पैदास जवळपास होतच नाही. हॅचरीवाले (मत्स्यबीज केंद्रातले लोक) चढणाऱ्या माशांची अंडी काढून घेतात, पिल्लं वाढवून पुन्हा पाण्यात सोडतात. गनिसन नदीवरच्या ब्लू मेसा जलाशयातले मासे असेच ईस्ट नदीवरच्या रोअरिंग ज्युडी हॅचरीपर्यंत चढतात. अंड्यांची गरज भागली की उरलेले मासे नाहीतरी मरणारच, म्हणून काही ठिकाणी लोकांना ते घेऊ देतात. कोलोरॅडोतल्या ओळखीच्या माणसाने ‘आम्ही तर असेच धरतो’ असं सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. त्याचं पाणी वेगळं असतं.

ओढ्यातले मासे धरल्याने नुकसान होतं का, हे खरोखर पाण्यावर अवलंबून आहे. लोक या बाबतीत फार ठाम बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हिशेबाने पाहिलं तर याच वर्षी विणीला येणारा मासा जूनमध्ये तलावात धरला काय आणि सप्टेंबरमध्ये ओढ्यात धरला काय, अंडी घालणारा एक मासा कमी होतो तो होतोच. फरक असा की तलावात मासे विखुरलेले असतात, ते शोधून धरावे लागतात. ओढ्यात सगळी पिढी काही मैलांच्या उथळ पाण्यात गोळा झालेली असते आणि मोजकी माणसंही तिचं मोठं नुकसान करू शकतात. धरलेल्या माशांपेक्षा पायांखाली तुडवल्या जाणाऱ्या अंड्यांची किंमत जास्त असते, त्याकडे पुढे येतो.

लकी पीक जलाशयात, म्हणजे तुमचे मोअर्स क्रीकचे मासे जिथून चढतात तिथे, राज्याचं खातं कोकॅनीची पिल्लं सोडत असतं. तिथली संख्या केवळ ओढ्यातल्या विणीवर अवलंबून नाही. डेडवूड जलाशयात तर उलटी अडचण असते. मासे जास्त झाले की बारीक जीवांचं अन्न पुरत नाही आणि सगळेच खुजे राहतात, म्हणून तिथे नदीत आडवा बांध घालून वर किती मासे जाऊ द्यायचे हे आवरलेलं आहे आणि तिथलीच अंडी इतर पाण्यांसाठी वापरलेली आहेत. कोकॅनीचं हे वैशिष्ट्यच आहे, दाटी झाली की आकार घटतो आणि संख्या कमी असली की मासा टपोरा होतो.

याच्या दुसऱ्या टोकाला सॅमामिश तलाव आहे. वॉशिंग्टनमध्ये सिअ‍ॅटलच्या पूर्वेला रेडमंड, सॅमामिश, इसाक्वा या भागात आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, त्यातल्या काहींच्या सोसायटीमागून हे ओढे वाहतात. तिथला कोकॅनी बाहेरून आणून सोडलेला नाही, मूळचा तिथलाच आहे, आणि तो उशिरा, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान चढतो. २०१७-१८ च्या हंगामात तिथे परतलेल्या माशांची संख्या २० च्याही आत होती. त्या तलावात कोकॅनी ठेवायलाच बंदी आहे. तिथे राहणाऱ्या कुणी हे वाचून ओढ्यात गळ टाकू नये. एब्राइट क्रीकसारख्या ओढ्यात दिसणारी एक-एक जोडी तिथे मोलाची आहे.

आयडाहोतच स्टॅन्लीजवळचा रेडफिश लेक हे आणखी एक जपून जायचं ठिकाण. तिथे कोकॅनीबरोबर समुद्रातून सुमारे ९०० मैल चढून येणारा स्नेक नदीचा सॉकायही आहे. १९९१ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली आणि १९९२ साली एकच नर परतला. कोकॅनी तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फिशहूक क्रीकमध्ये चढतो आणि सॉकाय त्यानंतर तलावाच्या काठच्या खडीत अंडी घालतो. लाल रंगात दोघं सारखेच दिसतात. तिथे नियम वाचल्याशिवाय रॉड गाडीतून काढू नये.

आणि एवढं करूनही शेवटी सगळं तलावाच्या हातात असतं. मोंटानातल्या फ्लॅटहेड तलावाच्या वरच्या पाण्यांत कोकॅनीला खाद्य म्हणून मायसिस नावाची बारीक कोळंबी सोडली होती. ती वाहत खाली आली, १९८१ मध्ये फ्लॅटहेडमध्ये सापडली आणि कोकॅनी ज्यावर जगतो तेच जीव खाऊ लागली. दिवसा ती खोल तळाशी जायची, त्यामुळे कोकॅनीच्या तोंडी ती लागेच ना, उलट तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउटची पिल्लं तिच्यावर पोसली आणि मोठी होऊन कोकॅनीवर तुटून पडली. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या मॅकडॉनल्ड क्रीकमध्ये १९८५ साली लाखाहून जास्त मासे चढले होते, ते १९८९ पर्यंत पन्नासच्या घरात आले. हे मासे खायला दर शरद ऋतूत शेकडो टकले गरुड जमायचे, तेही यायचे थांबले. ओढ्याकाठच्या कुणाही मासेमाराला एवढं नुकसान करता आलं नसतं. म्हणून ‘ओढ्यात एक मासा धरला की जात संपते’ हेही खरं नाही आणि ‘मरणारच आहेत, हवे तेवढे घ्या’ हेही खरं नाही. आपण कोणत्या पाण्यावर उभे आहोत हे आधी कळायला हवं.

आता अंड्यांच्या घरट्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की मुलगा आणि तुम्ही जवळून बघायला पाण्यात उतरला होतात. पुढच्या वेळी उतरण्याआधी काठावर उभे राहून तळाकडे नीट बघा. पोलराइज्ड चष्मा असेल तर फार सोपं जातं. ओढ्याच्या बहुतेक खडीवर शेवाळ असतं, ती काळपट-हिरवी दिसते. मध्येच दोन-तीन फुटांचा लांबट गोल भाग लख्ख स्वच्छ, फिकट रंगाचा दिसला तर ते घरटं. मादी कुशीवर होऊन शेपटीचे फटके मारते, खडी उडून खाली वाहते आणि शेवाळ धुऊन निघतं. त्या स्वच्छ भागात वरच्या बाजूला खळगा असतो आणि खालच्या बाजूला खडीचा छोटा उंचवटा. नवख्या माणसाला वाटतं अंडी खळग्यात असतील, म्हणून तो खळगा चुकवून नेमका उंचवट्यावर पाय देतो. अंडी असतात त्या उंचवट्याखाली. मादी अंडी घालते, लगेच किंचित वर सरकून नवा खड्डा खणते आणि त्या खड्ड्यातल्या खडीनेच आधीची अंडी झाकते.

ही अंडी हिवाळाभर खडीतच असतात. फुटून पिल्लं बाहेर पडतात ती वसंतात, आणि मग तलावाकडे जातात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ओढा रिकामा दिसतो तेव्हाही खाली सगळं भरलेलं असतं. मोअर्स क्रीकच्या बाबतीत हे जास्तच सांभाळायला हवं, कारण १८६२ मध्ये त्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि पुढे ड्रेजरने ओढ्याचा तळ कित्येक ठिकाणी उपसून काढला. रस्त्याने जाताना दिसणारे गोट्यांचे ढीग त्याचेच. अंडी घालायला लागते तशी वाटाणा-सुपारीएवढी खडी जिथे उरलीय, तिथेच मासे दाटी करतात आणि नेमक्या त्याच जागी उतरायला माणसालाही सोयीचं पडतं. ओलांडायचंच असेल तर मोठ्या दगडांवरून किंवा खोल, संथ भागातून जा. कुत्रा बरोबर असेल तर त्याला दोरीने बांधून ठेवा. मेलेला किंवा कच्चा सॅमन कुत्र्याने खाल्ला तर वायव्येकडच्या या राज्यांत त्याला एक जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. खाल्लाच असेल आणि पुढच्या आठवड्यात उलट्या, ताप, मलूलपणा दिसला, तर पशुवैद्याला ‘सॅमन खाल्लाय’ हे आधी सांगा.

खाण्याबद्दल स्पष्टच सांगतो. पूर्ण लाल झालेला कोकॅनी विषारी नसतो, पण कालवणाला घेऊ नका. मांसातला नारिंगी रंग कातडीत आणि अंड्यांत गेलेला असतो, चरबी संपलेली असते. उरतं ते फिकट, पाणचट, शिजवताना भुगा होणारं मांस आणि एक शिळकट वास, जो आगळ-कोकमालाही दबत नाही. काही लोक धुरी देऊन खातात, तो नुकताच चढलेला, अजून थोडा चकचकीत मासा. ओळखायचं कसं? खवल्यांवर बोट फिरवा. तलावातल्या माशाचे खवले इतके सैल असतात की हाताला, बोटीला, कपड्यांना चिकटतात. विणीच्या माशाचे खवले कातडीत रुतलेले असतात, बोटाला एकही लागत नाही, वरून कातडी जाड आणि बुळबुळीत. असा मासा हाती आला तर सोडून द्या. गाभोळीसाठी मादी मारण्याचा मोह मी समजू शकतो, पण ओढ्यातल्या मादीला त्यासाठी मारू नका, हे मी आग्रहाने सांगेन. काठावर मेलेले मासेही तिथेच राहू द्या. हिवाळ्यात त्या ओढ्याचं खत तेच असतं, आणि किडे ते खाऊन वाढतात.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर हाच मासा अडीच-तीन महिने आधी, लकी पीकच्याच पाण्यात धरला असता. मे ते जुलैमध्ये तो चंदेरी असतो, मांस गडद नारिंगी आणि तेलकट, इथल्या गोड्या पाण्यातल्या माशांत माझ्या मते सगळ्यात चविष्ट. त्याला ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचं पाणी आवडतं. वसंतात ते वरच असतं, उन्हाळा चढला की ४०-६० फूट किंवा त्याहून खाली जातं. तेव्हा आधी तापमान पाहायचं, मग खोली ठरवायची. लोक फिशफाइंडरवर ठिपके शोधत फिरतात, पण पाण्याचं तापमान कळलं तर निम्मं काम झालेलं असतं.

पद्धत ट्रोलिंगची, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याची. बोट ताशी १ ते दीड मैलाने चालवायची. दोरीला चार-सहा इंचांचा चकचकीत डॉजर (पाण्यात डुलणारी धातूची पट्टी), त्यामागे ८ ते १२ इंचांवर गुलाबी किंवा नारिंगी रंगाची चिमुकली रबरी झालर आणि तिच्या गळावर पांढऱ्या शूपेग मक्याचा एक दाणा. दाणा आदल्या रात्री ट्यूनाच्या तेलात किंवा लसणाच्या अर्कात भिजवून ठेवतात. कोकॅनी मका काही भुकेने खात नाही. डॉजरच्या हिसक्यांनी झालर अंगावर आल्यासारखी हलते आणि वासामुळे तो सोडत नाही, एवढंच. बोट सरळ रेषेत नेऊ नका, नागमोडी न्या. वळताना आतल्या बाजूची दोरी मंदावते, बाहेरची वेगावते, आणि ज्या बाजूला मासा लागेल त्यावरून वेग वाढवायचा की कमी करायचा ते कळतं. तोंड फार नाजूक असतं, जोराने हिसका दिला की गळ फाटून निघतो. रॉड लवचिक हवा, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल, आणि जाळी मासा बोटीजवळ येण्याआधी पाण्यात हवी. मासा वर आला की लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. उन्हात तासभर बादलीत ठेवलेला कोकॅनी आणि बर्फातला कोकॅनी यांची चव एक नसते. त्याच्या तुकड्यांना हळद, मीठ, तिखट आणि रवा पुरेसा आहे. घट्ट वाटणात हा मासा बुडवू नका.

बोट नसेल तर मधला मार्ग आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात मासे ओढ्याच्या तोंडाशी, जलाशयाच्याच पाण्यात थांबू लागतात, पाणी गार होण्याची वाट बघत. तिथे काठावरून लहान स्पून खाली सोडून वर-खाली हलवत राहिलात तर त्यातले काही चावतात, आणि बरेचसे अजून चंदेरी असतात. साधारण लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लकी पीकचं पाणी उतरवायला सुरुवात होते, तेव्हा ओढ्याचं तोंड दर आठवड्याला खाली सरकतं. गेल्या आठवड्यातली जागा या आठवड्यात कोरडी असू शकते.

सप्टेंबरमध्ये ओढ्यावरच मासेमारी करायची असेल तर कोकॅनीच्या मागे उभ्या असलेल्या ट्राउटकडे बघा. वाहून जाणारी सुटी अंडी खायला रेनबो ट्राउट आणि व्हाइटफिश घरट्यांच्या खालच्या अंगाला थांबतात. फिकट नारिंगी रंगाची अंड्यासारखी माशी किंवा मणी घरट्यांच्या बरंच खाली सोडून वाहू द्या, ती घेतात, आणि हा मासा भुकेलेला असतो. फक्त एक काळजी घ्या. त्याच वेळी बॉयसी नदीच्या खोऱ्यात बुल ट्राउटही कोकॅनीच्या मागावर असतो. तो केंद्र सरकारच्या यादीत धोक्यातला मासा आहे आणि आयडाहोत ठेवता येत नाही. पाठीवरचा पर उघडून पाहा, त्यावर एकही काळा ठिपका नसेल तर पाण्याबाहेर न काढताच सोडून द्या.

मुलाबद्दल विचारलंत ते बरं केलंत. आयडाहोत १४ वर्षांच्या आतल्या रहिवासी मुलांना लायसन्स लागत नाही, तुम्हाला मात्र लागेल, आणि रहिवाशाचा दर मिळायला राज्यात सहा महिने झालेले असावे लागतात. नियमांचं पुस्तक तीन वर्षांचं निघतं, पण मधेच बदल होतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फिश अँड गेमच्या (राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं) संकेतस्थळावर मोअर्स क्रीकची नोंद वाचा, त्यात हंगाम आणि रोजची मर्यादा दोन्ही असतात. स्नॅगिंग करताना कुणी दिसलं तर स्वतः वाद घालू नका. गाडीचा नंबर आणि वेळ टिपून त्यांच्या हेल्पलाइनवर कळवा, नाव सांगावं लागत नाही. आणि पुढच्या वर्षी मेमध्ये पाण्याचं तापमान कळलं की इथेच लिहा, खोली आणि झालरीचा रंग मी सांगतो.